सांध्याची परीक्षा

मालवणच्या उत्तरेस तोंडवली-तळाशीलची चिंचोळी किनारपट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. येथें वाऱ्याबरोबर येणारें मीठ लोखंडावर बसतें, हवेंतील ओल धरून ठेवतें आणि जेथें सांधा कच्चा असेल तेथें आधीं शिरतें. धातु जोडण्याच्या विद्येची परीक्षा अशाच किनाऱ्यावर होते.

लोखंड एकजीव करण्याची जुनी रीत लोहाराच्या भट्टीची. दोन तुकडे पांढरेशुभ्र होईतों तापवावयाचे आणि घणाखालीं सांधावयाचे. मध्यें राख राहिली तर जोड वरून अभंग दिसे, पण भार पडतांच उकले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियांतील बेनार्डोस यानें विजेच्या ज्योतीनें धातु सांधून दाखविला. पुढें स्वीडनमधील कीलबेर्ग यानें लेप दिलेला रॉड आणला. मग जहाजेंहि वेल्डिंगनें बांधलीं जाऊं लागलीं. १६ जानेवारी १९४३ रोजीं अमेरिकेंतील पोर्टलंड येथें ‘स्केनेक्टडी’ हें नवें तेलवाहू जहाज धक्क्यालगत, संथ पाण्यांत उभें असतां दुभंगलें. रिव्हेट मारलेल्या जहाजांत तडा पत्र्याच्या कडेशीं थांबे. सलग सांधलेल्या जहाजांत त्याला अडविणारें कांहीं उरलें नव्हतें. ठिसूळ पोलाद आणि सदोष सांधे यांचा अभ्यास तेव्हांपासून कसोशीनें होऊं लागला.

१९४८ सालीं अमेरिकेंतील बॅटेल संस्थेंत वायर-वेल्डिंगचें तंत्र सिद्ध झालें. रिळावरची तार गनमधून अखंड सरकते, स्वतः वितळून सांध्यांत उतरते, आणि भोंवतीं सोडलेला वायु त्या रसाला हवेपासून वांचवितो. १९५३ मध्यें स्वस्त कार्बन डायऑक्साइडचा उपयोग सुरू झाला व पोलादाच्या कामांत ही रीत पसरली. आपले कारागीर तिला ‘सीओटू’ म्हणूनच ओळखतात.

या रीतीचे दोष बोलके आहेत. सांध्यावर टाचणीनें टोचल्यासारखीं छिद्रें दिसलीं, तर वायूचें कवच फाटलें असें बहुधा समजावें. ताशीं सुमारें ८ किलोमीटरचा वाराहि तें उडवून लावतो, आणि किनाऱ्यावर तेवढा वारा नित्याचाच. आडोसा उभारावा, नोझल साफ करावें, आणि गंज, तेल, ओल, मीठ काढून लखलखीत लोखंडावरच काम करावें. तार अडखळून ज्योत फडफडूं लागली, तर रुळांचा दाब, तारेची आंतील नळी आणि झिजलेली टिप तपासावी. गंजलेली तार टाकून द्यावी. सर्वांत घातक दोष मात्र मुका असतो. सांधा वर फुगीर बसतो, पण खालचें लोखंड वितळलेलेंच नसतें. करंट कमी पडला किंवा हात घाईनें चालला म्हणजे असें होतें. त्यावर दुसरा थर चढवूं नये. मुळापर्यंत घासून काढून पुन्हां भरावा.

तंत्र कोणतेंहि असो, हलगर्जीपणाची किंमत मालवणनें पाहिली आहे. राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजीं, नौदलदिनीं, उभा राहिला. २० ऑगस्ट २०२४ रोजीं सार्वजनिक बांधकाम खात्यानें नट-बोल्ट गंजल्याचें नौदलास पत्रानें कळविलें, आणि २६ ऑगस्टला पुतळा कोसळला. चौकशी समितीनें गंज, दुबळा सांगाडा व सदोष वेल्डिंग हीं कारणें नोंदविलीं. समोरच असलेल्या सिंधुदुर्गाचें बांधकाम १६६४ सालीं सुरू झालें होतें. तो तट आजहि लाटा सोसतो आहे.

पत्र निघालें तेव्हां गंज डोळ्यांना दिसूं लागला होता, परंतु तोंवर फार उशीर झाला होता. सांध्याची खरी तपासणी व्हावयास हवी ती त्यावर रंग चढण्यापूर्वीं, हातांत पॉलिशपेपर आणि घासणी असतांना. त्या वेळीं ‘चालेल’ म्हणून सोडून दिलेला सांधा समुद्र कधींहि चालवून घेत नाहीं.