ओआरएमने बनवलेली एसक्यूएल क्वेरी चुकली, तर दोष कुठे शोधायचा?

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सोयाबीन नोंदणीचं ॲप बनवलंय. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक साठवायला डेव्हलपरने रकान्याला 'ग्रुप' असं नाव दिलं. कोडमध्ये चूक दिसत नाही. पण पहिल्याच नोंदणीला डेटाबेस 'सिंटॅक्स एरर' देतो आणि शेतकरी रांगेत अडकतात. असं का होतं?

ओआरएम म्हणजे काय?

ऑब्जेक्ट रिलेशनल मॅपिंग, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातला दुभाषी. जावा किंवा पायथॉनमधल्या कोडवरून तो एसक्यूएल क्वेरी तयार करतो. हायबरनेट, जँगो ओआरएम आणि एसक्यूएल-अल्केमी ही त्याची परिचित उदाहरणं.

चूक कुठे होते?

राखीव शब्द: 'ग्रुप' आणि 'ऑर्डर' हे एसक्यूएलचे स्वतःचे शब्द आहेत. जँगो सगळी नावं अवतरणचिन्हांत टाकतं, म्हणून तिथे निभावतं. हायबरनेटला तसं वेगळं सांगावं लागतं.

रिकामी यादी: जिल्ह्यातल्या 13 तालुक्यांपैकी एकही निवडला नाही, तर काही ओआरएम 'इन' शब्दापुढे रिकामा कंस लिहितात. एसक्यूलाइट तो चालवून घेतं, पोस्टग्रेस नाही. म्हणूनच लॅपटॉपवर एसक्यूलाइट वापरून तपासलेलं ॲप प्रत्यक्षात बंद पडतं.

चुकीचा डायलेक्ट: टेबल बनवताना हायबरनेटचा जुना मायएसक्यूएल डायलेक्ट 'टाइप' हा शब्द लिहायचा. मायएसक्यूएल 5.5 पासून तिथे 'इंजिन' लागतं. त्यामुळे टेबल तयारच होत नाही.

दोष कसा शोधायचा?

1. ओआरएमने पाठवलेली क्वेरी लॉगमध्ये बघा. त्यासाठी हायबरनेटमध्ये 'शो एसक्यूएल', एसक्यूएल-अल्केमीमध्ये 'एको' सेटिंग सुरू करा.
2. लॉगमध्ये प्रश्नचिन्हं असतील तर तिथे खऱ्या किमती भरून ती क्वेरी चाचणीच्या डेटाबेसवर हाताने चालवा.
3. एररमध्ये 'निअर' नंतर आलेला शब्द पाहा. दोष तिथे किंवा त्याच्या लगेच आधी असतो.
4. डायलेक्ट आणि डेटाबेसची आवृत्ती जुळते का, ते तपासा.

दुरुस्ती काय?

रकान्याचं नाव 'गट क्रमांक' ठेवलं, की पहिला प्रश्न मिटतो. यादी रिकामी असेल तर क्वेरी पाठवूच नका. आणि चाचणी त्याच डेटाबेसवर करा, ज्यावर ॲप चालणार आहे. म्हणजे चूक नोंदणीच्या दिवशी नाही, आधीच सापडेल.