नागपूर–गोंदिया रेषा आणि क्रीटचा समुद्र
(प्रस्तावना)

नागपूरचा सोनेगाव विमानतळ आणि गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा सुमारे १३७ किलोमीटर भरते आणि तिचा मध्य भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीच्या आसपास पडतो. मोहाडीत विमानतळ नाही, होण्याची शक्यताही नाही. पण रेषेच्या पूर्व टोकाला वैमानिक घडवले जातात, त्यामुळे या भागातल्या मुलांना लहान विमानाचा आवाज नवा नाही. हे पुस्तक त्या मुलांसाठी आहे, आणि ज्या मोठ्या माणसांना तो आवाज ऐकून अजूनही वर बघावेसे वाटते त्यांच्यासाठीही.

विषय आहे लांब पल्ल्याच्या हलक्या विमानप्रवासाचे नियोजन. दोन-चार आसनांचे, एका इंजिनाचे विमान घेऊन नागपुराहून निघायचे आणि भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटाच्या पूर्व टोकाला, सितियाच्या धावपट्टीवर उतरायचे, हे आपले उदाहरण. सरळ अंतर सुमारे ५,४०० किलोमीटर. पण सरळ कोणी जात नाही. नागपूर–अहमदाबाद सुमारे ७०० किलोमीटर. तिथून थेट मस्कत म्हणाल तर साडेचौदाशे किलोमीटर, तेही बहुतांश पाण्यावरून. तेवढे इंधन लहान विमानाच्या टाकीत बहुधा मावतच नाही. म्हणजे पहिला निर्णय अहमदाबादलाच घ्यावा लागतो: किनाऱ्याकिनाऱ्याने कराचीमार्गे जायचे, जादा टाकी बसवायची, की बेत सोडायचा? तिसरा पर्याय मी गंमत म्हणून लिहिलेला नाही. या शास्त्राचा निम्मा भाग कुठे थांबायचे आणि कुठून परत फिरायचे हे जमिनीवर असतानाच ठरवून ठेवण्याचा आहे. हवेत गेल्यावर माणसाची बुद्धी आशावादी होते.

क्रीटच का, असा प्रश्न येईल. हिंदुस्थानच्या विमान-टपालाची वाट एके काळी याच बेटावरून जात होती. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली. लंडनहून विमानाने बाझेल, तिथून रात्रीच्या आगगाडीने आल्प्स ओलांडून जिनोव्हा, पुढे उडत्या बोटीने भूमध्य समुद्रावरून अलेक्झांड्रिया, आणि नंतर वाळवंट व इराणचे आखात असा तो प्रवास होता. लवकरच इटलीशी बिनसले आणि वाट ग्रीसकडे सरकली. मग क्रीटच्या मिराबेला आखातात उडत्या बोटी इंधनासाठी उतरू लागल्या. तिथे धावपट्टी नव्हती, म्हणून कंपनीने ‘इंपीरिया’ नावाची एक नौका नांगरून ठेवली होती आणि तीच त्या मुक्कामाचे ठाणे होती. आपले सितिया या आखाताच्या पूर्वेला, तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. मार्ग कसा ठरतो याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. थोडी यंत्राची मर्यादा, थोडा भूगोल आणि बरेचसे राजकारण! आजही इराण, इराक, सीरिया यांच्यावरून लहान विमान न्यायचे की वळसा घालायचा, याचे उत्तर वर्तमानपत्रात आधी सापडते आणि नकाशात नंतर.

ही टपालसेवा सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी आगाखानांनी ठेवलेल्या बक्षिसासाठी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधले अंतर एकट्याने कापण्याची चुरस लागली. मुंबईचे जे. आर. डी. टाटा पंचविशीत होते. ते कराचीहून पश्चिमेकडे निघाले. अस्पी इंजिनियर अवघे सतरा वर्षांचे, ते इंग्लंडहून पूर्वेकडे येत होते. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ. इजिप्तच्या किनाऱ्यावर अबुकीरला दोघे भेटले. अस्पींचे विमान स्पार्क प्लगवाचून अडले होते आणि टाटांकडे जादा प्लग होते. ते त्यांनी देऊन टाकले. अस्पी थोडक्यात आधी पोहोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. ही गोष्ट सांगताना लोक टाटांच्या दिलदारपणावर थांबतात, आणि ते योग्यच आहे. पण या विषयाच्या अभ्यासकाने एवढेही टिपावे की दोघांपैकी सुटे भाग एकाच्याच सामानात होते, आणि बक्षीस दुसऱ्यालाच मिळाले. चांगले नियोजन करणारा जिंकतोच असे नाही. तो पोहोचतो मात्र.

पुढच्या काळातली दोन नावे मुंबईचीच. विजयपत सिंघानिया यांनी १९८८ साली मायक्रोलाइट विमानातून लंडन ते अहमदाबाद हे अंतर २३ दिवसांत पार केले. आरोही पंडित हिने मे २०१९ मध्ये एका हलक्या स्पोर्ट विमानातून स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड असे टप्पे घेत एकटीने अटलांटिक ओलांडला आणि कॅनडातले इकालुइट गाठले. तिची मोहीम जुलै २०१८ मध्ये भारतातून सुरू झाली होती. लांब पल्ल्याच्या प्रवासात उडण्याचे तास बोटावर मोजावेत इतके कमी आणि वाट बघण्याचे आठवडे जास्त, हे आकडे न मांडताही कळते.

आता गणिताकडे. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. दहावीचे त्रैराशिक पुरते. मिराबेला ते अलेक्झांड्रिया हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर, सगळे पाणी. समजा विमानाचा हवेतला वेग ताशी २०० किलोमीटर आहे आणि उन्हाळ्यात एजियन समुद्रावर वाहणारा उत्तरेचा मेल्तेमी वारा तुम्हाला पाठीमागून ताशी ४० चा रेटा देतो आहे. जाताना जमिनीवरचा वेग २४०, परतताना १६०. वाटेत इंजिन कुरकुरू लागले तर पुढे जायचे की मागे? अंतराचा मध्य ३०० वर आहे, पण वेळेचा मध्य २४० वरच येतो. तिथून मागे यायला दीड तास आणि पुढे जायलाही दीड तासच. म्हणजे अडीचशे किलोमीटर गेल्यावर, अजून अर्धे अंतरही कापले नसताना, मागे वळणे हीच चूक ठरते. जिवाच्या आकांतात हे सुचत नाही, म्हणून तो बिंदू निघण्यापूर्वीच नकाशावर पेन्सिलीने मांडायचा असतो. अशा विमानाचे इंजिन पूर्ण बंद पडले तर एक मीटर उंचीमागे ते साधारण नऊ मीटर तरंगत जाते. तीन हजार मीटरवरून सत्तावीस किलोमीटर! उरलेल्या पाण्यासाठी जीवनरक्षक जाकीट आणि तराफा.

हाच हिशेब मोहाडीवर करून बघा. नागपूरहून गोंदियाकडे जाताना पाठीमागून तेवढाच वारा असेल, तर वेळेचा मध्य नागपूरपासून ५५ किलोमीटरवर येतो. मोहाडीवर पोहोचेपर्यंत तो मागे पडलेला असतो.

उष्णतेचे प्रकरण मात्र आपल्या लोकांना ग्रीकांपेक्षा लवकर समजेल. बिरसीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. मे महिन्यात पारा ४४ वर गेला की हवा इतकी विरळ होते की पंखांच्या आणि इंजिनाच्या लेखी ती धावपट्टी चौदाशे मीटरांवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही किंचित वर जाऊन बसते. विमानाला दौड जास्त लागते आणि चढ मंदावतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे निघतात. भर दुपारी टाकी तुडुंब भरून लहान धावपट्टीवरून उडू बघणे हा धाडसाचा नव्हे, अडाणीपणाचा प्रकार आहे.

खुणा ओळखणे हे तिसरे अंग. भंडारा जिल्हा वरून पाहणाऱ्याला वैनगंगा, वरठीजवळून जाणारा मुंबई–हावडा लोहमार्ग आणि मालगुजारी तलाव या पक्क्या खुणा वाटतात. नदी आणि रूळ खरेच पक्के आहेत. तलावांचे तसे नाही. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्या पाण्याने भरतात आणि तलाव कुठला, शेत कुठले, कळेनासे होते; मे महिन्यात बोड्या, म्हणजे लहान तळी, आटून नकाशावरच्या निळ्या ठिपक्याच्या जागी करडी माती दिसते. नकाशाला ऋतू नसतो, वैमानिकाने तो मनात धरायचा. आणि काही गोष्टी नकाशावर नसतातच. एप्रिल २०१७ मध्ये एक प्रशिक्षण विमान गोंदिया–बालाघाट सीमेवर वैनगंगेवरून आडव्या गेलेल्या तारेला धडकले आणि दोघांचा जीव गेला. किमान उंचीचे नियम पाठ करण्याचा कंटाळा येईल तेव्हा ही तार आठवावी.

जीपीएस असताना हे सगळे कशाला, असे तरुण वाचक विचारतील. अलीकडच्या वर्षांत पूर्व भूमध्य समुद्रावर, विशेषतः सायप्रस आणि लेबनॉनच्या बाजूला, उपग्रहांचे संकेत दाबले किंवा फसवले जाण्याचे प्रकार वारंवार घडतात. पडद्यावरचे विमान भलत्याच ठिकाणी दिसू लागले की होकायंत्र, घड्याळ आणि पेन्सिलीची रेषा एवढेच हाती राहते. रेषेपासून एक अंश ढळलात, तर साठ किलोमीटरमागे सुमारे एक किलोमीटर चुकता. एवढे पाठ असले तरी बरेच निभावते.

कागदपत्रांचे प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते सर्वांत लवकर शिळे होते. देशातून उडताना हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक आणि उड्डाण-माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक. पुढे प्रत्येक देशाची आकाशपरवानगी, जनरल डिक्लेरेशन, वैमानिकांसाठीच्या सूचना म्हणजे नोटॅम, हवामानाचे मेटार अहवाल आणि टॅफ अंदाज. लहान बेटावर सीमाशुल्क अधिकारी हजर असेलच असे नाही, त्यामुळे क्रीटमध्ये आधी हेराक्लिऑनसारख्या मोठ्या विमानतळावर उतरणे शहाणपणाचे. इंधनाचेही तसेच. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला लागणारे ॲव्हगॅस ग्रीक बेटांवर दुर्मीळ आहे, तर मोठ्या विमानांचे जेट इंधन त्या मानाने सहज मिळते. म्हणून जेट इंधनावर चालणारी डिझेल इंजिने लहान विमानांत आली, तेव्हा कित्येक बेटे नव्याने आवाक्यात आली.

पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचायला हवे असे नाही. ज्यांना गणित रुचते त्यांनी वाऱ्याच्या त्रिकोणापासून आरंभ करावा, ज्यांना इतिहास आवडतो त्यांनी टपालमार्गांपासून. शिक्षकांना एक विनंती. पहिला सराव नागपूर–गोंदिया रेषेवरच करून घ्या. वारा त्या दिवशीच्या हवामानवृत्तातला घ्या, आणि उत्तर आल्यावर मुलांना विचारा की मोहाडीवर असताना त्यांनी विमान कोणत्या दिशेला वळवले असते. वर्गात दोन तट पडतील. ते पडू द्यावेत.