प्रोव्हांशेची रिकामी जागा

मास्तरकीच्या धंद्यात निवडणुकीचे काम कोणाला चुकत नाही. २०२४ साली लोकसभेच्या निवडणुकीत शेजारच्या एका गावी माझी नेमणूक झाली. मतदारांच्या बोटाला शाई लावण्याचे काम माझ्याकडे होते. भर दुपारी, ऊन मी म्हणत असता, एक म्हातारी काठी टेकीत आली. शाई लावून घेता घेता तिने विचारले, "मास्तर, आपन ज्याला धाडतो, त्यो तिथं जाऊन आपलं बोलतो का वो?" "बोलतो की, आजी," असे मी म्हणालो खरा, पण माझे मलाच ते उत्तर पटले नाही. त्या दिवसापासून दूरदेशीचा एक मतदारसंघ माझ्या मनात घर करून बसला आहे. तेथल्या लोकांनी आपला माणूस देशाच्या संसदेत एकदा नव्हे, तीनदा धाडला. आणि एकदाही त्याला तिथे तोंड उघडता आले नाही.

हा मतदारसंघ कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात आहे. त्याचे नाव प्रोव्हांशे. त्या मुलखातल्या पहिल्या कॅथलिक बिशपांच्या नावावरून पडलेले. कॅनडात मतदारसंघाला बोलीभाषेत 'राइडिंग' म्हणतात. घोड्यावर बसण्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. 'तिसरा हिस्सा' या अर्थाचा तो उत्तर युरोपातला जुना शब्द. इंग्लंडातील यॉर्कशायरमधून तो तिकडे गेला. हिस्सा हाच मूळ अर्थ वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी हकीकत हिश्शाचीच आहे.

रेड नदीच्या काठी मेटी नावाचे लोक राहत. फ्रेंच व्यापारी आणि तिथल्या आदिवासी स्त्रिया यांची ही संतती. नदीला लागून लांबट पट्ट्यांची शेती करावी आणि हंगामात गव्यांच्या शिकारीस जावे, असा त्यांचा क्रम. १८६९ साली हा सारा मुलूख हडसन्स बे कंपनीने तीन लक्ष पौंडांना कॅनडाच्या हवाली करण्याचे ठरवले. राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. ताबा मिळण्याआधीच मोजणीदार आले आणि त्यांनी एका मेटी शेतकऱ्याच्या जमिनीवर साखळी टाकली. तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचा एक तरुण पुढे झाला आणि त्याने त्या साखळीवर पाय ठेवला. त्याचे नाव लुई रिएल.

पुढे रिएलने हंगामी सरकार स्थापले, ओटावाशी बोलणी केली, आणि १५ जुलै १८७० रोजी मॅनिटोबा हा प्रांत म्हणून कॅनडात सामील झाला. मेटींच्या मुलाबाळांसाठी १४ लक्ष एकर जमीन राखून ठेवण्याचे कायद्याने कबूल झाले. पण या यशाला एक डाग लागला होता. हंगामी सरकारने टॉमस स्कॉट नावाच्या विरोधकाला ४ मार्च १८७० रोजी गोळ्या घालून मारले. रिएलची ती घोडचूक होती, असे माझे मत आहे. ऑन्टॅरिओ प्रांत खवळला. त्याने मारेकऱ्यांना पकडून देणारास ५००० डॉलरचे बक्षीस लावले. प्रांताचा जन्मदाता अशा रीतीने फरारी झाला.

नव्या प्रांताला संसदेत चार जागा मिळाल्या; त्यांतली एक प्रोव्हांशेची. १८७२ साली रिएल तेथे उभा राहिला. तेवढ्यात मंत्री जॉर्ज-एत्येन कार्तिए मॉन्ट्रियलमध्ये पडले. रिएलने आपली उमेदवारी मागे घेऊन ती जागा त्यांना दिली. मेटींना माफी मिळेल, ही आशा त्यामागे होती. पण कार्तिए उपचारासाठी लंडनला गेले आणि मे १८७३ मध्ये तिथेच वारले. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली आणि रिएल बिनविरोध निवडून आला. फेब्रुवारी १८७४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकांनी त्यालाच पुन्हा निवडले.

त्यानंतर जे घडले ते कादंबरीत लिहिले तर संपादक म्हणतील, हे पटत नाही. मार्च १८७४ मध्ये एका जुन्या शाळासोबत्याला बरोबर घेऊन रिएल गुपचूप ओटावाच्या संसदभवनात शिरला. त्याने शपथ घेतली, सभासदांच्या वहीत सही केली आणि तो निघून गेला. कारकुनाने सही वाचली तेव्हा पाखरू उडाले होते. सभागृहात बसता, तर हातात बेड्या पडत्या. एप्रिलमध्ये मॅकेन्झी बोवेल यांच्या ठरावाने त्याला काढून टाकण्यात आले. विल्फ्रिड लॉरिए या तरुण सभासदाने ठरावाविरुद्ध भाषण केले, पण उपयोग झाला नाही. हे दोघेही पुढे आपापल्या वेळी पंतप्रधान झाले.

प्रोव्हांशेच्या मतदारांनी काय करावे? सप्टेंबरात पुन्हा पोटनिवडणूक लागली आणि त्यांनी पुन्हा रिएललाच निवडले! हा नुसता हट्ट होता काय? मला तसे वाटत नाही. आमचा माणूस कोण हे आम्ही ठरवू, एवढेच त्यांना सांगायचे होते आणि सांगायला मतपेटीखेरीज दुसरे साधन नव्हते. परंतु त्या हट्टाची किंमतही त्यांनाच मोजावी लागली. ज्या वर्षांत १४ लक्ष एकरांचे वाटप रेंगाळले, घोळले, त्याच ऐन वर्षांत विचारणा करणाऱ्याची जागा रिकामी होती. १८७५ च्या आरंभी रिएलला माफी मिळाली, पण पाच वर्षांच्या हद्दपारीच्या अटीवर. जागा दुसऱ्याकडे गेली.

त्या काळी कॅनडाचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड डफरिन होते. पुढे तेच आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आले. त्यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर १८८५ मध्ये, मुंबईस काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. आणि ही मंडळी मूठभरांचीच प्रतिनिधी आहेत, असा शेरा १८८८ साली त्यांनी मारला. कोण कोणाचा प्रतिनिधी, हे राज्यकर्त्यांनी ठरवावयाचे, ही समजूत दोन्ही खंडांत सारखीच होती.

रिएलचा शेवट सर्वश्रुत आहे. मॉन्टाना येथील एका मिशनच्या शाळेत तो मास्तरकी करीत होता. म्हणजे माझ्याच धंद्यातला. १८८४ साली सस्कॅचेवानच्या मेटींची माणसे त्याला न्यायला आली आणि तो शाळा सोडून त्यांच्याबरोबर गेला. उठाव झाला, मोडला. आणि १६ नोव्हेंबर १८८५ रोजी रेजायना येथे राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला फाशी देण्यात आले. मुंबईचे ते अधिवेशन त्यानंतर दीड महिन्यांच्या आत भरले.

पुढे काळ बदलला. ज्या सभागृहाने त्याला हाकलले, त्यानेच १९९२ साली त्याला मॅनिटोबाचा संस्थापक म्हणून मान दिला. २०१३ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, मेटींच्या मुलांना जमीन देण्याचे वचन सरकारने नीट पाळले नाही. २०२३ साली मॅनिटोबाने रिएलला आपला पहिला मानद प्रीमियर ठरवले. मान मिळाला, निवाडाही मिळाला. पण ज्या मुलांसाठी ती जमीन होती, ती केव्हाच मातीआड झाली होती.

पुढल्या निवडणुकीत त्याच गावी नेमणूक झाली आणि ती म्हातारी पुन्हा भेटली, तर मी तिला काय सांगणार? "आजी, तो बोलतो की नाही हे आपण बघायचे. पण तो बोलला नाही, तर नुकसान त्याचे होत नाही. ते आपल्या एकरांचे होते." एवढे मी तिला सांगेन आणि मगच शाई लावीन.