सरांची इन्स्टावर रिक्वेस्ट आली तर? शिक्षक-विद्यार्थी यांच्यातली ऑनलाइन मर्यादा समजून घ्या

गुलमंडीत संध्याकाळी क्लास सुटतो आणि पुढचं बोलणं फोनवर सुरू होतं. उद्याची टेस्ट किती वाजता? नोट्सची पीडीएफ कुठे आहे? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि शाळा उघडल्यावरही ग्रुप तसेच राहिले. आता त्याच ग्रुपमधून नंबर घेऊन रात्री अकरा वाजता सरांचा मेसेज आला, ‘झोपलीस का?’, तर ती काळजी म्हणायची की मर्यादा ओलांडणं?

एक सोपी कसोटी आहे : हाच मेसेज पालकांसमोर किंवा मुख्याध्यापकांसमोर पाठवता आला असता का? नसेल, तर तो पाठवू नये.

सरसकट बंदी का टिकली नाही?

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याने २०११ मध्ये कायदा केला. शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाच दिसेल असा ऑनलाइन संपर्क त्याने बंद केला. शिक्षक संघटना न्यायालयात गेली. या कायद्याने शिक्षक असलेल्या आईवडिलांना स्वतःच्या मुलांशी बोलणंही अवघड झालं असतं. न्यायालयाने अंमलबजावणी थांबवली आणि राज्याने त्याच वर्षी ते कलम मागे घेतलं.

वर्गात हात वर न करणारी मुलं मेसेजवर शंका विचारतात, हेही खरं आहे. म्हणून न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण विभागाने २०१२ मध्ये वेगळी वाट धरली : संपर्क ठेवा, पण कामाचं अकाउंट वेगळं ठेवा.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

२०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना लागू आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याला फॉलो करणं हा त्यात गुन्हा नाही. पण लैंगिक हेतूने मुलाशी वारंवार संपर्क साधणं, मग तो फोनवरून असो की इंटरनेटवरून, कलम ११ नुसार लैंगिक छळ ठरतो. कलम १२ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. ‘मुलीनेच आधी मेसेज केला’ किंवा ‘तिची हरकत नव्हती’ ही पळवाट चालत नाही, कारण कायद्याच्या नजरेत ती बालक आहे.

रोज काय पाळायचं?

- शिक्षकांनी : वैयक्तिक अकाउंट वेगळं ठेवा, त्यावर विद्यार्थ्यांना जोडू नका. ग्रुपमध्ये दुसरे शिक्षक किंवा पालक असू द्या. नुसत्या सूचना द्यायच्या असतील तर व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल वापरा. ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसणारा मुलांचा नंबर तिथे इतर फॉलोअर्सना दिसत नाही. पालकांना न विचारता मुलांचे रील टाकू नका.
- विद्यार्थ्यांनी : रिक्वेस्ट न स्वीकारणं म्हणजे उद्धटपणा नाही. ‘घरी परवानगी नाही, सर’ एवढं पुरतं. इन्स्टाग्रामच्या टीन अकाउंटवर आपण फॉलो करतो किंवा ज्यांच्याशी आधीच जोडलेलो असतो, त्यांनाच मेसेज करता येतो. म्हणून फॉलो करताना विचार करा. वय खोटं टाकलं की हे संरक्षण जातं.
- पालकांनी : शक्य तिथे ग्रुपमध्ये मुलाऐवजी स्वतःचा नंबर द्या.

यात चांगल्या शिक्षकाचंही भलं आहे. त्याचं बोलणं सगळ्यांसमोर झालं असेल, तर उद्या अफवा उठली तरी त्याच्याकडे उत्तर असतं.

गडबड वाटली तर?

चॅट डिलीट करू नका. तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. घरात किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. गुन्ह्याची शंका असेल तर पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे. शाळेने किंवा क्लासने प्रकरण ‘आपसात मिटवलं’, तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार सद्भावनेने केली असेल, तर तक्रारदारावर कारवाई होत नाही.

आणि तो स्क्रीनशॉट व्हायरल करू नका. मुलाचं नाव, फोटो, शाळा, अगदी गल्लीसुद्धा माध्यमांतून उघड करायला कलम २३ मनाई करतं. गुलमंडीसारख्या एकमेकांना ओळखणाऱ्या वस्तीत शाळेचं नाव आणि इयत्ता एवढ्यावरून मूल ओळखू येतं. शिक्षकाला धडा शिकवायला टाकलेली पोस्ट त्या मुलाचंच शाळेत जाणं बंद करू शकते.