अंगुली-कळफलक

बोटांत अंगठ्यांसारखे घालून कुठल्याही पृष्ठभागावर टिचक्या मारत टंकन करण्याचे साधन. संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी 1968 मध्येच पाच कळांचा संयुक्त (एक वा अनेक कळा एकदम दाबून अक्षर उमटवणारा) कळफलक दाखवला होता. ‘टॅप स्ट्रॅप’ हा अंगुली-कळफलक त्याच वाटेवरचा. पाच बोटांचे मेळ 31 होतात. इंग्रजीची 26 अक्षरे त्यांत मावतात. मराठीची व्यंजनेच तीसच्या पुढे, शिवाय स्वर, काना-मात्रा, जोडाक्षरे. म्हणजे दुहेरी टिचक्या आल्या, वेग घटला. सावेडीत (अहिल्यानगर) टंकलेखन शिकणाऱ्याला महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेत मिनिटाला 30 किंवा 40 मराठी शब्द गाठायचे असतात. त्याला नेहमीचा कळफलकच सोयीचा. एकच हात चालणाऱ्यांसाठी मात्र हे साधन मोलाचे. सहा कळांचे मेळ दाबणाऱ्या ब्रेल टंकलेखकांना ही रीत परकी वाटणार नाही.