नव्या यंत्रांतील जुने खेळ

यंत्र जुनें झालें म्हणजे तें भंगारांत जातें, आणि त्याबद्दल कोणी फारसा शोक करीत नाहीं. परंतु संगणकाबरोबर आणखी एक वस्तु नाहींशी होण्याचें भय असतें; ती म्हणजे त्याच्यासाठीं लिहिलेली आज्ञावली. ती हिशेबाची असो वा खेळाची, ज्या यंत्राच्या भाषेंत ती लिहिली, त्याच यंत्रास ती कळते.

ही अडचण प्रथम व्यापारी कचेऱ्यांना जाणवली. आय.बी.एम. कंपनीनें १९५९ मध्यें १४०१ हा संगणक जाहीर केला, आणि हजारों कचेऱ्यांचे हिशेब त्यावर चालूं लागले. १९६४ मध्यें त्याच कंपनीनें सिस्टिम ३६० ही नवी मालिका काढली. तिची रचना अगदीं निराळी. मग साऱ्या आज्ञावल्या पुन्हा लिहावयाच्या काय? तोड अशी निघाली कीं, प्रसंगीं नव्या यंत्रानेंच १४०१ चें सोंग घ्यावें. ह्या सोंगास एम्युलेशन म्हणतात.

पुढें संगणक घरांत शिरला. १९८१ च्या आय.बी.एम. पी.सी.बरोबर डॉस ही कार्यप्रणाली आली. तिच्या राज्यांत खेळाची आज्ञावली पडदा व ध्वनियंत्र यांवर स्वतःच हुकमत चालवी. मागाहून आलेल्या विंडोजला अशी मोकळीक सोसण्यासारखी नव्हती. तरीही १९९५ मध्यें विंडोज ९५ काढतांना मायक्रोसॉफ्टनें जुन्यांचे पुष्कळ लाड पुरविले. सिमसिटी ह्या नगररचनेच्या खेळांत एक दोष होता: स्मृतींतील जागा परत केल्यावरही तो तीच वाची. जुन्या विंडोजमध्यें हें खपून जाई. नव्यांत खेळ कोसळला असता. म्हणून सिमसिटी चालूं आहे असें दिसतांच स्मृतीचे नियम सैल करण्याची खास व्यवस्था करण्यांत आली. खेळ बंद पडला तर ग्राहक खेळाला नव्हे, नव्या विंडोजला दोष देईल, हें व्यापारी शहाणपण त्यामागें होतें.

परंतु लाडांनाही सीमा असते. २००५ मध्यें सामान्य पी.सी.साठीं ६४ बिटांचें विंडोज आलें. त्या पद्धतीनें चालणाऱ्या प्रोसेसरांत जुन्या ८०८६ चें सोंग घेण्याची अंगभूत सोय उरली नाहीं, आणि १६ बिटांच्या आज्ञावल्यांना दार बंद झालें.

सुदैवानें दुसरी वाट आधींच निघाली होती. २००२ मध्यें डॉसबॉक्स ही विनामूल्य आज्ञावली प्रसिद्ध झाली. ती प्रोसेसरापासून ध्वनियंत्रापर्यंत सबंध जुना पी.सी. नुसत्या गणितानें उभा करते. कित्येक जुन्या खेळांची चाल प्रोसेसरच्या वेगावर बेतलेली असे. नव्या यंत्रावर ते खेळाडूच्या हाताबाहेर धांवत. म्हणून डॉसबॉक्समध्यें वेग मुद्दाम मंद ठेवतां येतो. २०१५ मध्यें इंटरनेट आर्काइव्हनें असे दोन हजारांहून अधिक खेळ ब्राउझरमध्येंच खेळावयास खुले केले.

खेळांपुरताच हा प्रश्न असता, तर त्याला करमणूक म्हणून सोडून देतां आलें असतें. परंतु युनिकोड रूढ होण्यापूर्वीं संगणकावर उतरलेलें पुष्कळसें मराठी लेखनही त्या त्या आज्ञावलीच्या आणि फाँटच्या स्वाधीन आहे. तीं नसतील तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची गर्दी तेवढी दिसते. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील मोडी कागद कितीही जपले, तरी मोडी वाचणारा नसेल तर ते मुकेच राहतात. संगणकाच्या जुन्या ठेव्याचेंही तसेंच आहे. तबकडी जपणें हें निम्मेंच काम. ती वाचूं शकणारें यंत्र, निदान त्याचें हुबेहूब सोंग, जपणें हें उरलेलें निम्में होय.