‘गेट’ आणि त्याचे समानार्थी शब्द

इंग्रजीच्या कुठल्याही समानार्थी-कोशात ‘गेट’ हे क्रियापद पाहिले, की रिसीव्ह, ऑब्टेन, अक्वायर, प्रोक्युअर, गेन अशी रांग लागते. परीक्षेसाठी ती पाठ करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा समज होतो, की हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील, आणि त्यांतला जो लांब तो अधिक चांगला. ‘गेट’ या क्रियापदाच्या पुढे नाम येते तेवढ्यापुरतीच ही यादी खरी आहे. पुढे विशेषण, भूतकालवाचक धातुसाधित किंवा दुसरे क्रियापद आले, की ती निरुपयोगी होते. बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत तर ‘गेट’चा फार मोठा वावर याच जागांवर आहे.

आधी या शब्दांचे कूळ पाहू. ‘गेट’ इंग्रजीत आला तो जुन्या नॉर्स भाषेतून. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांचे ‘गेटा’ हे क्रियापद 1200 च्या सुमारास इंग्रजी लिखाणात रुळलेले दिसते. इंग्रजीत त्याचा सख्खा भाऊबंद होताच. ‘फरगेट’ आणि ‘बिगेट’ या शब्दांत तो आजही आहे. रिसीव्ह, ऑब्टेन, प्रोक्युअर, अक्वायर ही मंडळी मात्र 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच-लॅटिनच्या वाटेने आली. ती दरबार, न्यायालय आणि धर्मपीठ यांच्या भाषेतून आली, आणि तो औपचारिकपणा त्यांच्या अंगावरून अजून उतरलेला नाही. म्हणून कचेरी अर्जदाराला ‘वी हॅव रिसीव्ह्ड युअर ॲप्लिकेशन’ असे कळवते, आणि मित्र मित्राला ‘आय गॉट युअर मेसेज’ म्हणतो. दोन्ही बरोबर आहेत. अदलाबदल केली की दोन्ही खटकतात.

औपचारिकता बाजूला ठेवली तरी अर्थाचा फरक उरतोच, आणि तो मराठीतून फार स्पष्ट दिसतो. आपण ‘मला नोकरी मिळाली’ आणि ‘मी नोकरी मिळवली’ असे दोन वेगळे प्रयोग करतो. पहिल्यात माणूस चतुर्थीत जातो आणि नोकरी कर्ता होते. दुसऱ्यात प्रयत्न करणारा माणूस स्वतः कर्ता असतो. इंग्रजीतले ‘आय गॉट अ जॉब’ प्रयत्नाविषयी काहीच सांगत नाही. नशिबाने मिळाली असो वा झगडून मिळवली असो, वाक्य तेच. ही तटस्थता मला ‘गेट’चे सर्वांत महत्त्वाचे लक्षण वाटते, आणि त्याचा एकही समानार्थी तटस्थ नाही. ‘रिसीव्ह’मध्ये देणारा दुसरा कुणीतरी असतो आणि घेणारा जवळजवळ निष्क्रिय असतो. ‘ऑब्टेन’मध्ये खटपट किंवा रीतसर मागणी असते, परवानगी, दाखला, प्रत अशा गोष्टींशी तो जुळतो. ‘अक्वायर’ला काळ लागतो आणि मिळालेले टिकून राहते, जसे कौशल्य, एखादी सवय किंवा मालमत्ता. आपल्याकडे रस्त्यासाठी वा धरणासाठी ‘जमीन ॲक्वायर झाली’ असे लोक म्हणतात, त्यामागे 1894 च्या भूसंपादन कायद्याचे इंग्रजी आहे, आणि कायमपणाचा तो अर्थ तिथे अचूक उतरला आहे. ‘रिसीव्ह’चे मात्र आपण वेगळेच केले. पाहुण्यांना ‘रिसीव्ह करायला’ स्टेशनवर जाणे आपल्याला स्वाभाविक वाटते. लंडनचा माणूस तिथे ‘मीट’ किंवा ‘पिक अप’ म्हणेल. आणि सर्दी झाली, तर तिला इंग्रजीत ‘गेट’ किंवा ‘कॅच’ करता येते. रिसीव्ह, ऑब्टेन यांपैकी काहीही चालत नाही.

विशेषण पुढे आले, की ‘गेट’चा मिळण्याशी संबंध सुटतो आणि तो ‘होणे’ या अर्थाने उभा राहतो: गेट टायर्ड, गेट वेट, गेट अँग्री, गेट बेटर. इथला समानार्थी ‘बिकम’, पण तो लेखी वळणाचा. शिवाय ‘बिकम’पुढे नाम चालते, ‘गेट’पुढे या अर्थाने चालत नाही. ‘शी बिकेम अ डॉक्टर’ म्हणजे ती डॉक्टर झाली. ‘शी गॉट अ डॉक्टर’ म्हणजे तिने डॉक्टर आणला. शेजारीच ‘गो’, ‘टर्न’ आणि ‘ग्रो’ आहेत. दूध नासणे, दृष्टी जाणे, टक्कल पडणे अशा बिघाडांना इंग्रजी ‘गो’ लावते: गो सावर, गो ब्लाइंड, गो बॉल्ड. रंग बदलण्यासाठी ‘टर्न’, सावकाश होणाऱ्या बदलासाठी ‘ग्रो’. मराठीत या सगळ्यांची कामे होणे, पडणे, लागणे, जाणे ही क्रियापदे आपापसांत वाटून घेतात. मात्र त्यांच्या वाटणीच्या सीमा इंग्रजीशी जुळत नाहीत, म्हणून शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणारा इथे हमखास फसतो.

धातुसाधित पुढे आले की आणखी गुंतागुंत. ‘ही गॉट कॉट’, ‘शी गॉट प्रमोटेड’ ही कर्मणी रचना ‘वॉज कॉट’, ‘वॉज प्रमोटेड’सारखीच दिसते. पण ‘गेट’ आला की कर्त्याचे बरे किंवा वाईट झाले, हे बोलणाऱ्याच्या मनात असते, आणि पुष्कळदा त्याचा स्वतःचाही त्यात हात असल्याचे सुचते. म्हणून वास्तूचा इतिहास लिहिताना ‘द टेंपल वॉज बिल्ट’ असेच लिहितात. तिथे ‘गॉट बिल्ट’ कानाला विसंगत लागते. मधे कर्म घातले तर प्रयोजक अर्थ येतो: ‘आय गॉट माय हेअर कट’, म्हणजे केस कापून घेतले. पण ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’मध्ये कुणी बोट मुद्दाम अडकवून घेत नाही! रचना तीच, आणि अर्थ आपत्तीचा. माणसाकडून काम करवून घेण्याच्या तीन क्रियापदांतही छटा आहेत: ‘मेक’मध्ये सक्ती, ‘हॅव’मध्ये सोय किंवा अधिकार, ‘गेट’मध्ये मनधरणी. ‘गेट’नंतर तेवढा ‘टू’ लागतो, बाकी दोघांना लागत नाही. आपल्या विद्यार्थ्यांची चूक बहुतेक इथेच होते.

‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे तिला भेटायची संधी मिळाली. ‘आय हॅव गॉट टू मीट हर’ म्हणजे तिला भेटलेच पाहिजे. ‘हॅव’ आला आणि भाग्याचे कर्तव्य झाले. बोलताना हा ‘हॅव’ बहुधा गिळला जातो आणि ‘गॉटा’ उरतो, त्यामुळे फरक केवळ उच्चारावर आणि संदर्भावर ओळखावा लागतो.

‘गॉटन’ या रूपाविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे, की ते अमेरिकनांनी बिघडवलेले इंग्रजी आहे. प्रत्यक्षात ते इंग्लंडमधलेच जुने रूप. तिथे प्रमाणभाषेतून मागे पडले आणि ‘इल-गॉटन’सारख्या शब्दांत उरले, अमेरिकेत चालू राहिले. अमेरिकन बोलीत त्याने एक उपयुक्त भेद राखला आहे: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी मी मिळवली आहे. ब्रिटिश बोलीत दोन्हींसाठी बहुधा ‘गॉट’च वापरावा लागतो.

गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अलाँग अशा जोड्यांची गणती इथे करत नाही. त्यांत अर्थाचा भार पुढच्या अव्ययावर असतो, आणि प्रत्येकीचा समानार्थी स्वतंत्रपणे शोधावा लागतो: राइज, रिकव्हर, मॅनेज, अग्री. इंग्रजी-मराठी कोशांनी ‘गेट’ची नोंद अर्थांच्या यादीऐवजी पुढे काय येते त्या क्रमाने मांडावी, असे मला मनापासून वाटते: आधी नाम, मग विशेषण, मग धातुसाधित, मग ‘टू’सह क्रियापद, शेवटी अव्यये. त्यातही समानार्थी शब्द फक्त पहिल्या आणि शेवटच्या गटापुढे द्यावेत. मधल्या गटांपुढे पूर्ण वाक्ये द्यावीत आणि त्यांखाली मराठी प्रयोग लिहावा.